तीन नंबरचा पंप

नेरूळच्या धारण तलावावर मी एक प्रोग्राम सोडलाय.
तलावावर म्हणजे तलावाच्या नकलेवर,
महापेच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर,
जिथे पाणी हा एक आकडा आहे
आणि त्याला वास नाही.

आधी त्याला काहीच येत नव्हतं.
झडप उघड, झडप मीट, पंप लाव, पंप बंद,
नव्या घरात आलेलं पोर बटणं दाबत सुटतं तसं.
दर वेळी बुडाला.
दर वेळी मी दंड लावला:
सेक्टरात पाणी चढलं, सेंटिमीटरला दहा;
वीज जळली, युनिटला एक.
एका रात्रीत त्याने चाळीस हजार भरत्या पाहिल्या
आणि सकाळी मी चहा घेऊन आले
तेव्हा बऱ्यापैकी कोरडा होता.

शिकतो कसा, पदाजी मढवींनी विचारलं.
पंपहाउसवर एकतीस वर्षं. कानावर बिडी, नखांत वंगण.
मी म्हटलं, धुक्यात पारसिकचा डोंगर उतरायचाय असं समजा.
दिसत काही नाही. पायाला उतार कळतो, तेवढाच.
जिकडे उतार, तिकडे एक पाऊल.
परत चाचपायचं. परत एक.
ते म्हणाले, मग खाणीत पडेल की.
पडतो ना. खाणीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं,
त्याला वाटतं, खाडी आली.
चपला काढून बसतो तिथेच.
मग ढकलावं लागतं थोडं,
उगाच, कुठल्याही दिशेला.

हसले. मग स्वतःचा हिशोब सांगितला:
तिथी घे, तिची पाऊणपट कर, झाली भरतीची वेळ.
बीजेला दीड. अष्टमीला सहा.
माझ्याकडे अकरा लाख वजनं आहेत
आणि त्यातल्या एकालाही तिथी ठाऊक नाही.

मी नवा आराखडा छापून नेला होता.
बीजेची भरती, वर चार तास मुसळधार,
एकूण दंड: बारा. जुन्या वेळापत्रकाचा सातशे.
साहेबांनी मेलमध्ये तीन उद्गारचिन्हं टाकली होती.
पदाजींनी कागद गुडघ्यावर धरला,
लाइटचं बिल तपासावं तसं रकान्यावरून बोट फिरवलं
आणि एका ओळीवर थांबले.

"यो तीन नंबर रातभर चालू हाय.
तीन नंबरचा पानी आमचे नाल्यान जातंय."

गावठाणात सेन्सर नाही.
नकाशात ती जागा राखाडी आहे, एकाच उंचीची,
माझ्याच हाताने भरलेली एका शुक्रवारी,
कारण सर्व्हेची फाइल उघडत नव्हती.
तिथे पाणी चढलं तर दंड शून्य.
चाळीस हजार भरत्यांत त्याने शोधून काढलं होतं
की या शहरात एक जागा अशी आहे
जिथे बुडलेलं मोजत नाहीत.
लबाडी नव्हती ती.
पायाला उतार लागला, तो उतरला.

लॅपटॉप तिथेच उघडला, पंपाच्या पत्र्यावर.
नवी ओळ: गावठाण, सेंटिमीटरला
आणि कर्सर लुकलुकत राहिला.
दहा लिहू? सेक्टराइतकेच?
सेक्टरात पाणी आधी गाड्यांना लागतं,
गावात आधी गादीला.
विचारलं, किती लावू?
बिडी कानावरून ओठात गेली, पेटली नाही.
"मागं एकदा भरलेला तवा
बायकोची शिवनाची मशीन गेली.
तिचा काय धरशील तो धर."

मी बावीस लिहिलं.
बावीसच का, ते कुणी विचारलं
तर मला सांगता येणार नाही.

तो परत शून्यापासून बुडायला लागला.
झडप उघड, झडप मीट.
रात्री आकडा आला: एकूण दंड एकशे नव्वद.
तीन नंबर आता दोनदाच, वीस-वीस मिनिटं.
कुणाच्या तरी पार्किंगमध्ये चार सेंटिमीटर.
साहेबांच्या मेलमध्ये एकच चिन्ह होतं,
प्रश्नाचं.

पण ते नंतर. त्या दुपारी
मी अजून वायर गुंडाळत होते
आणि पदाजी उठले,
घड्याळाकडे न बघता,
झडपेकडे गेले.
ओहोटी लागली होती.